अल्बर्ग ३० : ॲटॉमिक फोर उतरवून सौर-विद्युत मोटर बसवताना

सपाट पाणी, घासून स्वच्छ केलेला तळ आणि पडलेला वारा, अशा वेळी चार टनांची अल्बर्ग ३० ही शिडाची बोट ४ नॉटने (ताशी ४ सागरी मैल) न्यायला १.७ किलोवॉट पुरतात. घरातला गिझर याहून जास्त खातो. तिच्यातून आम्ही उतरवलेले ॲटॉमिक फोर हे पेट्रोल इंजिन मात्र ३० हॉर्सपॉवरचे, म्हणजे २२ किलोवॉटचे होते. एवढी तफावत कशी, हे आधी नीट समजून घेतले की खरेदीचे निम्मे प्रश्न सुटतात. नाहीतर मोटर गरजेपेक्षा मोठी येते, बॅटरी लहान पडते आणि पॅनेलकडून भलत्याच अपेक्षा ठेवल्या जातात.

अल्बर्ग ३० चे रेखाटन कार्ल अल्बर्गचे. जन्माने स्वीडिश असलेल्या या माणसाने काम अमेरिकेत केले. बांधणी कॅनडातल्या ओंटारिओमधल्या व्हिटबी बोट वर्क्सची, १९६२ पासूनची, आणि सातशेहून जास्त बोटी निघाल्या. लांबी ३० फूट ३ इंच, पाण्याच्या रेषेवर फक्त २१ फूट ८ इंच, वजन ९,००० पौंड, त्यातले ३,३०० पौंड कीलमध्ये, म्हणजे तळाखालच्या जड कण्यात, फायबरखाली बंद केलेले ओतीव लोखंड. कील लांब, सुकाणू कीललाच जोडलेले, आणि प्रोपेलर, म्हणजे पंखा, त्या दोहोंमधल्या खाचेत. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर चेसापीक उपसागरात या बोटींचा जुना आणि मोठा ताफा आहे. आमचे कामही तिथलेच, ॲनापोलिसच्या आसपासचे. पाण्याच्या रेषेवरची लांबी इतकी कमी असल्याने बोटीची वेगमर्यादा ६.२ नॉटच्या आसपास येते. त्यापुढे कितीही ताकद लावा, बोट स्वतःच्याच लाटेच्या खड्ड्यात बसते. २२ किलोवॉटमधले बरेचसे तिथेच वाया जात होते.

मोटर निवडण्याआधी एक चाचणी करावी. तिला खर्च जवळपास नाही. शांत सकाळी दुसऱ्या बोटीला लांब दोरीने आपली बोट ओढायला लावायची आणि दोरीत १०० किलोचा ताणकाटा अडकवायचा. पंखा फिरू नये म्हणून शाफ्ट बांधून ठेवायचा. प्रवाहाचा परिणाम जावा म्हणून त्याच पट्ट्यात दोन्ही दिशांनी ओढून सरासरी घ्यायची. काटा ३ नॉटला पंचवीस किलोच्या आसपास, ४ ला चाळीस आणि ५ ला पंचाहत्तर दाखवत होता. ४० किलो म्हणजे साधारण ४०० न्यूटन. ४ नॉट म्हणजे सेकंदाला २.०६ मीटर, गुणाकार ८२५ वॉट. पंखा, बेल्ट, मोटर आणि कंट्रोलर मिळून निम्मी ऊर्जा खातात असे धरले की बॅटरीतून १.६५ किलोवॉट लागतील. नंतर मीटरने जवळजवळ हाच आकडा दाखवला. बोट विकणाऱ्याच्या किंवा मोटर विकणाऱ्याच्या तक्त्यापेक्षा हा काटा जास्त विश्वासाचा.

इंजिन काढण्यात अवघड भाग वजनाचा नाही, पेट्रोलच्या वाफेचा आहे. वाफ हवेहून जड असल्याने तळाशी साठते. टाकी रिकामी करून, होस मोकळे करून, ब्लोअर (हवा बाहेर फेकणारा पंखा) चालू ठेवून आणि बिल्ज, म्हणजे बोटीचा आतला तळ, वासरहित होईपर्यंत धुऊन मगच विजेची हत्यारे आत न्यावीत. दीडशे किलोच्या आसपासचे ॲटॉमिक फोर मेन बूमला, म्हणजे मुख्य शिडाच्या खालच्या आडव्या काठीला, चेन-ब्लॉक लावून निघते. बूमखाली मात्र लाकडी टेकू द्यावा, बूम वरून धरणाऱ्या दोरीवर, म्हणजे नुसत्या टॉपिंग लिफ्टवर, भरवसा नको. इंजिनासोबत समुद्राच्या पाण्याचा इनलेट आणि एक्झॉस्टचे भोकही निरुपयोगी होते. ती भोके बुचाने बंद करू नयेत. फायबरच्या जाडीच्या बारापट लांबीचा उतार तासायचा, म्हणजे १२ मिलिमीटर जाडीला भोकाभोवती साधारण १४ सेंटिमीटर, आणि त्यात इपॉक्सी व बायॲक्सिअल कापडाचे थर मोठ्याकडून लहानाकडे घालायचे. या काळातल्या बोटींचे फायबर जाड आहे, त्यामुळे तासकाम चांगले घाम काढते.

सगळ्यांच्या नजरेतून निसटते ती गोष्ट म्हणजे इंजिनाचा ब्लॉक हाच १२ व्होल्टचा निगेटिव्ह सांधा होता. तो गेला की दिवे, रेडिओ, बिल्ज पंप सगळे बंद. आधी नवा बसबार (सगळ्या वायरी जोडायची तांब्याची पट्टी) बसवावा, वायरी त्यावर आणाव्यात, मग इंजिन उचलावे.

मोटर आम्ही ४८ व्होल्टची, हवेने थंड होणारी, पर्मनंट मॅग्नेट एसी प्रकारची घेतली. सलग ६ किलोवॉट निवांत देणारी. साठ व्होल्टच्या आत राहिले की विजेच्या धक्क्याचा धोका बराच कमी होतो आणि सुटे भाग सहज मिळतात. मोटर वर, शाफ्टच्या ओळीत खाली दुसरा छोटा शाफ्ट, दोहोंमध्ये दातेरी बेल्ट, रिडक्शन २:१. मोटर २,४०० फेऱ्यांवर, पंखा १,२०० वर.

इथे सगळ्यात महत्त्वाचा भाग थ्रस्ट बेअरिंग, म्हणजे शाफ्टच्या लांबीच्या दिशेचा दाब झेलणारे बेअरिंग. पंखा बोटीला ढकलतो तो शाफ्टमधून. तो दाब पूर्वी गिअरबॉक्स झेलत होता. मोटरची बेअरिंगे या कामासाठी नसतात. मोटर थेट शाफ्टला जोडली तर काही तास सगळे गोड चालते, मग बेअरिंगचा आवाज, मग रोटर घासणे. खालच्या शाफ्टच्या पिलो ब्लॉकपैकी (शाफ्ट धरणाऱ्या बेअरिंगच्या बैठकांपैकी) एक तरी थ्रस्ट घेणारा हवा आणि त्याची चौकट इंजिनाच्या जुन्या बेडला बोल्टने आवळलेली हवी. जुन्या रबरी माउंटवर चौकट ठेवायची गरज नाही, कारण इथे थरथर नाही आणि रबर दबले की अलाइनमेंट हलते.

अलाइनमेंटचा नियम जुनाच: दोन शाफ्ट जोडणाऱ्या कपलिंगच्या व्यासाच्या प्रत्येक इंचामागे एक हजारांश इंच. चार इंची कपलिंगला दोन्ही तोंडांमधली फट कुठेही ०.१ मिलिमीटरपेक्षा जास्त बदलू नये. फीलर गेजने बारा, तीन, सहा आणि नऊ वाजताच्या जागी मोजायचे, मग शाफ्ट पाव फेरी फिरवून पुन्हा. बोट स्टँडवर असताना हे फक्त ढोबळ करावे. पाण्यात उतरली की हल, म्हणजे बोटीचे कवच, किंचित आकार बदलतो, म्हणून अंतिम जुळणी पाण्यात एक रात्र गेल्यावरच. अशा बोटींत शाफ्ट सात-अष्टमांश इंची किंवा एक इंची, दोन्ही सापडतात. कॅलिपरने मोजल्याशिवाय कपलिंग मागवू नये.

शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथे पाणी अडवणारा स्टफिंग बॉक्स हा लपलेला चोर. जुन्या पॅकिंगची दोरी करकचून आवळलेली असते. ३० हॉर्सपॉवरला ते जाणवत नाही, ७०० वॉटवर चालणाऱ्या मोटरला जाणवते. नवी पीटीएफई पॅकिंग घालून शाफ्ट हाताने सहज फिरेल इतपतच आवळावी. पंख्याजवळ शाफ्ट धरणारे रबरी कटलेस बेअरिंगही याच वेळी बदलावे. पूर्वी इंजिनाच्या आवाजात दडलेली खडखड आता स्पष्ट ऐकू येते आणि गिऱ्हाईक मोटरला दोष देते.

पंख्याचे गणित खाचेने बांधलेले आहे. पात्याचे टोक आणि फायबर यांत व्यासाच्या १० टक्के तरी अंतर हवे, म्हणून १३ इंच व्यास, ९ इंच पिच (एका फेरीत पंखा पुढे सरकेल ते अंतर), तीन पाती यावर आम्ही थांबलो. ॲटॉमिक फोर बहुधा रिडक्शनशिवाय थेट चाले, त्यामुळे त्याचा पंखा लहान आणि दोन पात्यांचा असतो. तोच ठेवला तर मोटर पूर्ण फेऱ्यांवर जाते पण अँपिअर चढत नाहीत आणि बोट रेंगाळते. उलट, फेऱ्या कमी असतानाच कंट्रोलर अँपिअरच्या मर्यादेला टेकला, तर पिच जास्त आहे. बेल्टचा फायदा इथे कळतो: पंखा बदलायला बोट बाहेर काढावी लागते, पुली जेट्टीवरच बदलता येते.

बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, २८० अँपिअर-तासांचे १६ सेल एकामागोमाग, म्हणजे सिरीजमध्ये. ५१.२ व्होल्ट, १४.३ किलोवॉट-तास. एक सेल साडेपाच किलोच्या आतबाहेर, सगळे मिळून ८६ किलो. आठ-आठ सेलच्या दोन पेट्या केल्या, इंजिनाच्या जुन्या जागेत, बिल्जच्या पाण्याच्या बऱ्याच वर. इंजिन, पेट्रोलची टाकी, एक्झॉस्ट आणि लेडच्या जुन्या बॅटऱ्या गेल्या, हे सगळे आले. वजनाचा जमाखर्च जवळपास बरोबरीत सुटला.

सेल आले की लगेच सिरीजमध्ये जोडून वापरायला घेऊ नयेत. आधी सगळे एका पातळीवर आणावे लागतात. सोळाही सेल समांतर जोडून ३.६५ व्होल्टवर भरायचे, हे खरे. पण ते अर्धे भरलेले येतात, आणि समांतर जोडणीत एकूण ४,४८० अँपिअर-तास होतात. दहा अँपिअरच्या सप्लायने उरलेले निम्मे भरायला नऊ दिवस लागतील. म्हणून प्रथम सिरीजमध्ये बीएमएससह (सेलवर लक्ष ठेवून गरज पडल्यास वीज तोडणारे सर्किट) चार्जरने भरायचे, पहिला सेल ३.६ ला पोचला की थांबायचे, मग समांतर जोडून शेवटचा टप्पा. सप्लायचे व्होल्टेज तारा जोडण्याआधीच ३.६५ ला बांधून ठेवावे, सेल जोडल्यावर बटण फिरवू नये. रोजच्या वापरात मात्र चार्जर सेलमागे ३.४५ व्होल्टवर, म्हणजे ५५.२ वर थांबवावा. वरच्या टोकाला मिळणारी क्षमता नगण्य असते आणि सेल विनाकारण ताणला जातो.

बीएमएस सेलचे संरक्षण करायला क्षणात वीज तोडतो. गाडीत हे ठीक. जेट्टीकडे वळताना, आडव्या वाऱ्यात, हे नको. म्हणून तोडण्याच्या बऱ्याच आधी भोंगा वाजेल अशी वेगळी सूचना लावावी, आणि कंट्रोलरलाच ४८ व्होल्टखाली अँपिअर हळूहळू कमी करायला सांगावे. तसेच, सौर चार्जिंग जोरात चालू असताना बॅटरी अचानक सुटली तर सौर कंट्रोलरच्या बाहेरच्या बाजूला व्होल्टेज उसळते. बीएमएसची ‘चार्जिंग थांबव’ ही खूण आधी सौर कंट्रोलरला जावी, मग मुख्य काँटॅक्टर (विजेवर चालणारा मोठा स्विच) उघडावा. मोटर कंट्रोलरच्या पोटात मोठे कपॅसिटर असतात. ते रिकामे असताना काँटॅक्टर बंद केला की ठिणगी पडते आणि काही दिवसांत त्याचे बिंदू चिकटून बसतात. मग चावी बंद केली तरी वीज चालूच. ५० ते १०० ओहमचा रेझिस्टर काँटॅक्टरला समांतर जोडून आधी दोन-तीन सेकंद कपॅसिटर भरून घेतले की हा प्रश्न मिटतो.

फ्यूज क्लास टी प्रकारचा, २०० अँपिअर, बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून सात इंचांच्या आत. बॅटरीच्या टर्मिनलवर बसणारे छोटे चौकोनी फ्यूज बोटींत सर्रास दिसतात. ते १२ व्होल्टला चांगले. पण ५८ व्होल्टला त्यांची शॉर्ट सर्किट तोडण्याची क्षमता २,००० अँपिअरवर येते, आणि पूर्ण भरलेला हा पॅक ५८.४ व्होल्टला जातो. लिथियम सेल शॉर्टमध्ये हजारो अँपिअर देतात. क्लास टी २०,००० पर्यंत तोडतो. १२ व्होल्टचे जुने स्विच आणि ब्रेकरही ४८ ला वापरू नयेत, आतली ठिणगी विझत नाही. केबल ७० चौरस मिलिमीटरची, कथिल चढवलेली. लग, म्हणजे केबलच्या टोकाची धातूची कडी, हायड्रॉलिक दाबाने क्रिंप केलेले. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलने लिथियम बॅटरीसाठी ई-१३ हे मानक २०२२ मध्ये काढले. विमा कंपनीचा सर्व्हेअर त्याच नावाने प्रश्न विचारतो, तेव्हा ते आधी वाचलेले बरे. खर्चाबद्दल एवढेच की केबल, लग, फ्यूज, बसबार आणि स्टेनलेसचे पाइप यांचे बिल सेलच्या बिलाच्या बरोबरीने धावते, आणि अंदाजपत्रकात ते कोणीच धरत नाही.

पॅनेलसाठी जागा शोधणे हे जुन्या बोटीचे खरे दुखणे. डेक अरुंद, बूम लांब आणि खाली. कॉकपिटवर एक इंची स्टेनलेस पाइपची चौकट करून ७२ सेलची, ३२० वॉटची दोन पॅनेल आडवी बसवली. दोन मीटर बाय दोन मीटर, डोलकाठीला मागून धरणाऱ्या तारेच्या, म्हणजे बॅकस्टेच्या, पुढे थांबणारी. बूम वरून मोकळी फिरावी म्हणून तिचे मागचे टोक उचलावे लागले आणि त्यासाठी मेनसेल शिडे शिवणाऱ्याकडून मागच्या बाजूने कापून घ्यावे लागले. चौकटीचे पाय डेकवर येतात तिथे भोक मोठे पाडून, आतला गाभा खरवडून, इपॉक्सीने भरून मग पुन्हा छिद्र पाडावे. नाहीतर दोन हिवाळ्यांत पाणी आत शिरून डेक मऊ होतो.

व्होल्टेजचे गणित दोन्ही टोकांना तपासावे लागते. सौर कंट्रोलरला चार्जिंग सुरू करायला बॅटरीपेक्षा ५ व्होल्ट जास्त हवेत, म्हणजे साठीच्या पुढे. बोटींसाठी विकली जाणारी १८ व्होल्टची तीन पॅनेल सिरीजमध्ये जोडली की ५४ होतात. बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही. ६० सेलची दोन पॅनेल कागदावर ६५ देतात, पण उन्हात सेल तापून ६५ अंशांवर गेले की साठीच्या बरेच खाली येतात. ७२ सेलची दोन ७४ देतात, तापल्यावरही ६२-६३ उरतात. दुसरे टोक थंडीचे: उणे १० अंशांच्या सकाळी त्यांचे ओपन सर्किट व्होल्टेज ९२ वरून १०१ वर चढते, आणि १०० व्होल्टचा कंट्रोलर जळतो. म्हणून १५० व्होल्टचा घ्यावा.

आता मुद्द्याचे. स्वच्छ दिवशी ही दोन पॅनेल २ ते २.४ किलोवॉट-तास देतात, ढगाळ दिवशी अर्धाच किलोवॉट-तास. दुपारी बारा वाजता हातात ५०० वॉट येतात. केवळ उन्हावर बोट अडीच नॉटने सरकते. डोलकाठीची किंवा बूमची सावली एका पॅनेलवर आडवी पडली की तेही नाही, त्यामुळे नांगरावर असताना बूम दोरीने बाजूला ओढून ठेवायची सवय लागते. पॅनेलचे काम आठवडाभर बॅटरी भरत राहण्याचे. शनिवार-रविवारी वापरलेली बॅटरी पुढच्या शुक्रवारपर्यंत भरते, शोअर पॉवर (जेट्टीवरची वीज) न घेता. तातडी असेल तर २५ अँपिअरचा चार्जर जेट्टीवरून आठ-नऊ तासांत तेच करतो.

सपाट पाण्यात बॅटरीच्या मीटरवरचे आकडे असे: ३ नॉटला ७०० वॉट, ४ ला १.७ किलोवॉट, ५ ला ३.८, आणि ६ किलोवॉट ओतल्यावर जेमतेम ५.६. क्षमतेचा ८० टक्के भाग वापरायचा म्हटला तर ३ नॉटने पल्ला ४९ सागरी मैल, ४ ने २७, ५ ने १५, पूर्ण जोरात जेमतेम ११. वीस नॉटचा समोरचा वारा आणि चेसापीकची आखूड, उभी लाट आली की ४ नॉटसाठीच साडेतीन किलोवॉट लागतात आणि २७ चे १३ होतात. उन्हाळ्यात तळावर शंखशिंपल्यांचा थर धरला की आकडे आणखी बिघडतात. पेट्रोलवर तळ घासणे हा आळसाचा विषय होता, आता तो पल्ल्याचा आहे. चेसापीक आणि डेलावेअर जोडणाऱ्या कालव्यात नुसत्या शिडावर जायला मनाई आहे, यंत्र चालवावेच लागते. लांबी १२ सागरी मैल, प्रवाह दोन नॉट आणि त्याहून जास्त. प्रवाहासोबत ४ नॉटने गेले तर दोन तासांत साडेतीन किलोवॉट-तासांत काम होते; विरुद्ध गेले तर सहा तास आणि दहा. वेळापत्रक प्रवाहाचे, आपले नाही.

शिडावर जाताना पंखा फिरून वीज तयार होते, याची जाहिरात फार होते. या पंख्यावर ५ नॉटला ३०-४० वॉट, ६ च्या जवळ १०० पर्यंत, आणि बदल्यात बोट अर्धा नॉट मंदावते. फ्रीज आणि दिव्यांसाठी ठीक, त्यापलीकडे काही नाही.

मुंबईहून विचारणा येते म्हणून: केरळातली ‘आदित्य’ ही सौर फेरीबोट २०१७ पासून ७५ प्रवासी नेते, पण तिच्या दोन बारीक हलांवर २० किलोवॉट पॅनेल मावतील एवढे छत आहे. जड कीलच्या जुन्या बोटीची तुलना तिच्याशी करू नये. गेटवेसमोर मुरिंगवर, म्हणजे पाण्यातल्या कायमच्या नांगराला, बांधलेल्या बोटीला शोअर पॉवर नसते, तिथे पॅनेल खरोखर उपयोगी पडतात. ऊनही चेसापीकपेक्षा जास्त महिने मिळते. मात्र उधाणाला पाण्याची चढउतार पाच मीटरच्या आसपास जाते आणि प्रवाह त्याच मानाने. बॅटरी १४ किलोवॉट-तासांहून कमी धरू नये.

देखभाल थोडी. पहिल्या दहा तासांनंतर बेल्टचा ताण तपासणे, हंगामात एकदा लगांचे नट टॉर्क पाना लावून पाहणे, शाफ्टवरचा ॲनोड (बाकीचा धातू वाचवायला स्वतः झिजणारा तुकडा) बदलणे. चेसापीकच्या निमखाऱ्या पाण्यात जस्तापेक्षा ॲल्युमिनियमचा चांगला. मोटरच्या कप्प्याला वारा हवा, कारण ४ किलोवॉटवर चार-पाचशे वॉट उष्णता तिथेच सुटते आणि कंट्रोलर तापला की न सांगता ताकद कमी करतो. इंजिनाचा जुना ब्लोअर ठेवलेला असेल तर तोच पुरतो. १२ व्होल्टचा रेडिओ आणि दिवे ४८ वरून कन्व्हर्टरने चालतात, पण मध्ये एक छोटी वेगळी बॅटरी असावी. मुख्य पॅक बंद पडला तर मदत मागायला रेडिओ त्याच वेळी हवा असतो.

हिवाळ्यात पॅक पन्नास टक्क्यांवर आणून मुख्य स्विच बंद करावा. शून्य अंशांखाली हे सेल वीज देतात, पण भरून घेताना आत लिथियमचा धातू जमून कायमचे खराब होतात. बोट स्टँडवर, ताडपत्रीखाली असली तरी एखादा कोपरा उघडा राहतो आणि जानेवारीच्या स्वच्छ सकाळी पॅनेल इमानाने चार्जिंग सुरू करतात. बीएमएसचा तापमापक सेलला चिकटलेला आहे ना हे पाहावे, आणि त्यावरही विसंबू नये: पॅनेलचे कनेक्टर काढूनच ताडपत्री बांधावी.